पुण्याहून परदेशी नाताळचं पार्सल: टपाल खात्याची सेवा कितपत उपयोगी?

लेक-जावई शाळेत शिकवायला परदेशी गेलेले, नातवंडं तिकडेच वाढणारी आणि इकडे कॅम्पात, पंचहौदाजवळ किंवा खडकीत आजी-आजोबा नोव्हेंबर लागला की डबे काढून बसलेले. पुण्यातल्या ख्रिस्ती समाजात अशी घरं पुष्कळ आहेत. शाळा दुबईची असो, इंग्लंडमधली असो की केनियातली, शिक्षकाला डिसेंबरात घरी येणं जमेलच असं नाही. मग फराळ, कागदी तारा, नातवाचं मराठी पुस्तक आणि लेकीसाठी एखादी साडी, सगळा नाताळ एका खोक्यात भरून पाठवायचा असतो. त्या खोक्यासाठी टपाल खात्याची आंतरराष्ट्रीय सेवा कशी आहे, त्याचं हे परीक्षण.

निकाल आधीच सांगून टाकू. दोन ते चार किलोंचं, नीट यादी केलेलं घरगुती पार्सल असेल तर टपालच वापरा. सात-आठ किलोंचा फराळ असेल तर तिकडे जाणारं कुणी ओळखीचं शोधा. वाटेत फुटलेल्या पार्सलांपेक्षा कागदावर अडकलेली पार्सलं जास्त असतात, आणि ती चूक बहुतेक वेळा खोकं घरातून निघण्याआधीच झालेली असते. यादी मोघम लिहिलेली असते, किंवा त्या देशात न चालणारी एखादी वस्तू आत गेलेली असते.

पुण्यात यासाठी सगळ्यात सोयीचं ठिकाण म्हणजे साधू वासवानी चौकातलं जीपीओ. पेठांमध्ये राहणाऱ्यांना लक्ष्मी रस्त्यावरचं सिटी पोस्ट जवळ पडतं. लहान उपकार्यालयात परदेशी पार्सल क्वचितच येतं, त्यामुळे तिथे फॉर्म शोधण्यापासून सुरुवात होते. मोठ्या कार्यालयात जाणं बरं, आणि तेही सकाळी.

खिडकीवर तीन पर्याय पुढे येतात. पहिला ईएमएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट. हा सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात महाग. याचा दर पहिल्या २५० ग्रॅमसाठी एक आणि पुढच्या प्रत्येक २५० ग्रॅमसाठी वेगळा असा चढत जातो, वर जीएसटी. दुसरा इंटरनॅशनल ट्रॅक्ड पॅकेट. निवडक देशांसाठीच आहे, मूळ मर्यादा २ किलो, पण छोट्या भेटीसाठी उत्तम. तिसरा हवाई पार्सल. स्वस्त, पण सावकाश. जड आणि न नासणाऱ्या वस्तूंसाठी, म्हणजे पुस्तकं-कपड्यांसाठी, तो ठीक. तळलेला फराळ त्यातून पाठवू नये, कारण तीन-चार आठवडे वाटेत राहिलेल्या शंकरपाळ्यांना तेलाचा खवट वास लागतो.

खासगी कुरिअरशी तुलना करताना एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ते आकारमानाचं वजन लावतात: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. ४० बाय ३० बाय ३० चं खोकं घेतलं तर ३६,००० भागिले ५०००, म्हणजे ७.२ किलो. आत चिवडा आणि चकल्या भरून प्रत्यक्ष वजन चार किलो भरलं तरी पैसे ७.२ किलोंचे. फराळ हलका आणि फुगीर असतो, म्हणून हे गणित त्याला नेहमीच महाग पडतं. कुरिअरचा फायदा वेगात आणि घरी येऊन नेण्यात आहे. नोकरीची कागदपत्रं, पदवीची प्रमाणपत्रं यांसाठी तो फायदा मोलाचा. बिस्किटांसाठी नाही.

ट्रॅक्ड पॅकेटच्या दोन किलोंच्या मर्यादेत काय बसतं? शंकरपाळे ४०० ग्रॅम, चकल्या ३००, बिस्किटं ५००, कागदी तारा १००, दोन पातळ पुस्तकं ३००, खोकं आणि आतलं वेष्टण मिळून ३००. एकूण १९०० ग्रॅम. वरचे १०० ग्रॅम मोकळेच सोडावेत. घरचा काटा आणि पोस्टाचा काटा यांत पाच-पन्नास ग्रॅमचा फरक पडतो, आणि २०१० ग्रॅम भरलं तर चिकटवलेलं खोकं खिडकीसमोर उघडावं लागतं.

आता सीमाशुल्काचा फॉर्म. पार्सलाचं नशीब या कागदावर ठरतं, तरी सगळ्यात घाईत हाच कागद भरला जातो. लहान पॅकेटला सीएन २२, मोठ्याला सीएन २३. हीच माहिती संगणकातही भरली जाते आणि पार्सलाच्या आधी परदेशी पोचते, म्हणजे तिकडचा अधिकारी खोकं पाहण्याआधी यादी वाचतो. ‘खाद्यपदार्थ’, ‘भेटवस्तू’, ‘घरगुती सामान’ असं लिहिलं की खोकं बाजूला काढलं जाण्याची शक्यता वाढते. प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत, नग, वजन आणि किंमत यांसह लिहावी: गोड बिस्किटं, १ खोकं, ५०० ग्रॅम, तळलेला गव्हाच्या पिठाचा खाऊ, १ पिशवी, ४०० ग्रॅम, लहान मुलांची छापील पुस्तकं, २, कागदी तारा, १. हे सगळं इंग्रजीत लिहायचं. ‘शंकरपाळे’ एवढंच रोमन लिपीत लिहिलं तर लंडनच्या किंवा मेलबर्नच्या अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. ‘गोड, तळलेले, मैद्याचे तुकडे’ असं वर्णन लिहिलं तर कळतं.

फॉर्मवर एचएस कोडचा, म्हणजे वस्तूचा प्रकार सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचा, रकाना असतो. बरेच जण तो पोस्टाच्या माणसावर सोडतात. त्यापेक्षा घरूनच लिहून न्यावं: गोड बिस्किटांना १९०५३१, केक आणि इतर बेकरी मालाला १९०५९०, चिवडा-चकलीसारख्या फरसाणाला २१०६९०, छापील पुस्तकांना ४९०१९९, नाताळच्या सजावटीला ९५०५१०. हे सहा आकडे जगभर सारखेच चालतात. ‘भेट’ या चौकटीत खूण करावी, पण किंमत शून्य लिहू नये. शून्य किंमत संशय वाढवते. दुकानाची पावती असेल तर तीच किंमत लिहावी. पाठवणाऱ्याच्या आधार कार्डाची किंवा पासपोर्टची प्रत सोबत असू द्यावी, आणि घेणाऱ्याचा चालू फोन नंबर देशाच्या कोडसह लिहावा. हा नंबर राहून गेला तर तिकडच्या टपालवाल्याला निरोप देता येत नाही.

भेट म्हणून किती किमतीपर्यंत कर लागत नाही, हे देशागणिक बदलतं. ब्रिटनमध्ये व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेल्या भेटीवर ३९ पौंडांपर्यंत व्हॅट नाही; युरोपीय संघात ही मर्यादा ४५ युरो. लेकीची साडी आणि नातवंडांचे कपडे एकाच खोक्यात घातले की ही रेघ सहज ओलांडली जाते. मग कर तर भरावा लागतोच, शिवाय तिकडची टपाल कंपनी हाताळणी शुल्क वेगळं घेते, आणि हे सगळं घेणाऱ्याच्या खिशातून जातं. साडी वेगळ्या पॅकेटात, काही दिवसांच्या अंतराने पाठवलेली बरी.

कुठल्या देशाला काय चालतं, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. इथे नीट लक्ष द्या, कारण चूक खिशापुरती राहत नाही.

आखाती देशांपासून सुरुवात करू, कारण पुण्यातले शिक्षक तिथे पुष्कळ. अनारशाला आपण खसखस लावतो, काही घरांत करंजीच्या सारणातही घालतो. संयुक्त अरब अमिरात आणि सौदी अरेबियात खसखस अमली पदार्थ मानली जाते. सिंगापूरमध्येही तिच्यावर बंदी आहे. दोन डझन अनारशांपायी शिक्षकाची नोकरी आणि व्हिसा धोक्यात घालण्यात अर्थ नाही. या देशांना अनारसे पाठवूच नयेत, आणि करंज्या खसखशीशिवाय कराव्यात. रममध्ये मुरवलेल्या मनुकांचा केकही नको. मनुका संत्र्याच्या रसात भिजवून केलेला केक पाठवावा. डुकराच्या मांसाचा कुठलाही पदार्थ, विंदालूचं डबाबंद लोणचं असलं तरी, वगळावा.

धार्मिक वस्तूंबाबत आखातातले सगळे देश सारखे नाहीत. दुबईत, अबुधाबीत, कतारमध्ये, कुवेतमध्ये चर्च आहेत, आणि आपली माणसं तिथे नियमित उपासनेला जातात. सौदीत एकही चर्च नाही आणि इतर धर्मीयांच्या जाहीर उपासनेला परवानगी नाही. म्हणून सौदीच्या पार्सलात बायबल, गीतपुस्तक, क्रूस, येशूजन्माच्या गव्हाणीच्या मूर्ती यांतलं काहीही घालू नये. कौटुंबिक प्रार्थनेसाठी मराठी पवित्र शास्त्र फोनवरच्या ॲपमध्ये वाचताही येतं आणि ऐकताही येतं. आजीच्या हातचं पुस्तक हवंच असेल तर ते सुट्टीत घरी आल्यावर द्यावं आणि इथेच ठेवावं.

ब्रिटन आणि युरोपात अडचण दुधाची आणि मांसाची. पेढे, बर्फी, खव्याच्या करंज्या, तुपाची बरणी, चीज, सुकं मटण, यांतलं काही भारतातून टपालाने पाठवता येत नाही. बिस्किटं, साधा केक, नानकटाई, शंकरपाळे, चकल्या चालतात. त्यांत लोणी किंवा तूप घातलेलं असलं तरी भाजून-तळून तयार झालेला तो कोरडा पदार्थ असतो. ओल्या नारळाची करंजी नियमात बसली तरी पाठवू नये, कारण ती आठवडाभरात आंबते. सुकं खोबरं मंद आचेवर भाजून, बारीक करून, पिठीसाखरेत मिसळलेलं सारण टिकतं.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची तपासणी सगळ्यात कडक. तिथे कीड आणि रोग देशात शिरू नये म्हणून वनस्पती, बी, माती, कच्चं लाकूड यांवर नजर असते. गव्हाणीचा देखावा पाठवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं: मूर्तींभोवती घातलेला पेंढा किंवा सुकं गवत हे नेमकं तिकडे न चालणारं सामान. शेणामातीचा हात लागलेली गोठ्याची चौकट, सालीसकटचं लाकूड, बियांची माळ, हेही नको. कापडाच्या किंवा कागदाच्या लगद्याच्या मूर्ती पाठवाव्यात आणि पेंढ्याऐवजी पिवळ्या कागदाच्या पट्ट्या कापून घालाव्यात. मुलांना त्या तिथे चिकटवायलाही आवडतात. जे पाठवाल ते फॉर्मवर सांगा. तिकडे लपवणं हा वेगळा गुन्हा ठरतो.

अमेरिकेबाबत प्रत्येक वेळी खिडकीवर विचारूनच पुढे जावं. ८०० डॉलरपर्यंतच्या मालावरची करमाफी तिकडे २०२५ च्या ऑगस्टअखेर बंद झाली. त्यामुळे भारतातून अमेरिकेला जाणारं टपाल काही आठवडे थांबलं होतं आणि ऑक्टोबरात पुन्हा सुरू झालं. एक गोष्ट मात्र घरच्या फराळाच्या बाजूची आहे. व्यक्तीने स्वतः घरी करून भेट म्हणून पाठवलेल्या खाऊला तिथल्या अन्न विभागाला पूर्वसूचना देण्याची अट लागू नाही. फॉर्मवर ‘घरी केलेलं’ हे शब्द त्यासाठी लिहावेत.

केनिया, टांझानियासारख्या देशांत घरपोच टपालाची पद्धत जवळजवळ नाही, सगळं पोस्ट बॉक्सवर येतं. अमिरातीतही तसंच. तिथे शिक्षकाच्या फ्लॅटचा पत्ता लिहून भागत नाही, शाळेचा पी. ओ. बॉक्स नंबर, शाळेचं नाव आणि शिक्षकाचा फोन, असं तिन्ही लिहावं. शाळा डिसेंबरात कधी बंद होते ते आधी विचारावं. सुट्टी लागल्यावर आलेलं पार्सल जानेवारीपर्यंत कार्यालयाच्या कपाटात राहतं.

बांधणी. खोकं पाच प्लायचं घ्या. रविवार पेठेत बोहरी आळीत पॅकिंगच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत, हव्या त्या मापाचं मिळतं. किराणा दुकानातून आणलेलं साबणाचं किंवा फिनेलचं जुनं खोकं वापरू नये, वास शंकरपाळ्यांत उतरतो आणि बाहेरची छपाई पाहून तपासणीवाले वेगळाच माल समजतात. स्टीलचा डबा टिकाऊ, पण अर्धा किलो वजन फुकट जातं. जाड प्लास्टिकची झाकणबंद बरणी किंवा दुहेरी झिप पिशवी पुरते. फराळ तळल्यावर पूर्ण गार होऊ द्यावा, निदान चार-पाच तास. कोमट असताना पिशवी बंद केली की आत वाफ धरते, चकली मऊ पडते, आणि दहा दिवसांनी तिला बुरशी येते. चकल्या उभ्या न रचता आडव्या, प्रत्येक थरामध्ये टिश्यू पेपर घालून ठेवाव्यात. जागा उरली तर चिवड्याची पिशवी तिथे दाबून बसवावी. खोकं हलवल्यावर आवाज आला तर भरणी अपुरी आहे. चारी कडांना टेप एच आकारात लावायचा. पत्त्याची एक प्रत आतही टाकावी, म्हणजे बाहेरची चिठ्ठी निघाली तरी पार्सल बेवारस होत नाही. पूर्वीसारखं मांजरपाटात शिवून लाखेची मोहोर करण्याची आता सक्ती नाही, पण जुन्या पद्धतीने शिवलेलं पार्सल अजूनही खोक्यापेक्षा जास्त मार सोसतं, हे खरं.

ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीची श्रुसबेरी बिस्किटं तर प्रत्येक यादीत असतातच. १९५५ पासूनची बेकरी, आणि परदेशातल्या पुणेकर मुलांना घर म्हणजे तो लोण्याचा वास. सकाळीच जावं, दुपारी दुकान बंद असतं आणि डिसेंबरात रांग लांब. बिस्किट खुसखुशीत असल्यामुळे वाटेत तुकडे होतात. पुठ्ठ्याचं मूळ खोकं तसंच ठेवून, त्याला बबल रॅपचे दोन फेरे देऊन, मोठ्या खोक्याच्या मध्यभागी ठेवावं, कडेला कधीच नाही. मूळ वेष्टण काढू नये, घटकांची यादी त्यावरच असते.

ती यादी आणखी एका कारणासाठी लागते. शिक्षक आपल्या वर्गालाही खाऊ नेतात. ब्रिटन, ऑस्ट्रेलियातल्या अनेक शाळांत शेंगदाणे आणि सुकामेवा वर्गात आणायला मनाई असते, कारण काही मुलांना त्यांची जिवावर बेतणारी ॲलर्जी असते. शेंगदाण्याची चिक्की, काजूकतली, दाणे घातलेला चिवडा घरापुरता ठेवावा. वर्गासाठी खाण्याचं काही न पाठवता वारली चित्रांची कार्डं किंवा कागदी कंदिलाचा घडीचा साचा पाठवला तर शिक्षकाला एक तासिका मिळते. घडीचा तारा पाठवताना बल्बचा होल्डर आणि वायर काढून घ्यावी. आपली पिन ब्रिटनच्या सॉकेटमध्ये बसत नाही आणि वायरचं वजन उगाच वाढतं. पॉवर बँक, सुटी लिथियम बॅटरी, अत्तर, नेलपॉलिश, काड्यापेटी या वस्तू हवाई टपालाने जातच नाहीत.

पुस्तकांचं काय? बालभारतीची पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावरून पीडीएफमध्ये विनामूल्य उतरवता येतात, मग सगळा संच पाठवून किलोंचे पैसे भरण्यात हशील नाही. पण पहिली-दुसरीचं एक छापील पुस्तक मात्र अवश्य पाठवावं. पडद्यावर अक्षर दिसतं, गिरवता येत नाही. अप्पा बळवंत चौकात पुस्तकाबरोबर चौकटीची, दोन रेघांची वही मिळते, तीही घाला. परदेशी शाळेत शिकणाऱ्या मुलाला ‘ळ’ आणि ‘ण’ गिरवायला चौकट लागतेच. रविवार शाळेत पाठ करायची स्तोत्राची ओवी आजोबांनी स्वतःच्या अक्षरात त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून पाठवली, तर मूल ती छापील मजकुरापेक्षा लवकर वाचायला शिकतं. वहीला वजन किती, फार तर ऐंशी ग्रॅम.

वेळेचा हिशेब आगमनकाळावरून, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळावरून, धरावा. आगमनाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. ईएमएसचं पार्सल त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात खिडकीवर गेलेलं असावं, आणि हवाई पार्सल नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात. पुण्याहून खोकं आधी मुंबईला जातं, तिथे आपल्याकडचं सीमाशुल्क होतं, मग विमान, मग तिकडचं सीमाशुल्क. डिसेंबरात या प्रत्येक टप्प्यावर ढीग साचतो. फराळ त्यामुळे दोनदा करावा लागला तरी चालेल: पार्सलाचा नोव्हेंबरात, घरचा डिसेंबरात.

पावतीवरचा नंबर तेरा चिन्हांचा असतो: आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी भारताची दोन अक्षरं. ईएमएसचा नंबर ई या अक्षराने सुरू होतो. भारत सोडल्यानंतर आपल्या टपालाच्या संकेतस्थळावर बरेच दिवस काही हलत नाही. तेव्हा तोच नंबर तिकडच्या टपालाच्या संकेतस्थळावर टाकावा. ब्रिटनमध्ये ईएमएस पार्सलफोर्सकडे जातं, रॉयल मेलकडे नाही, म्हणून शोधायचं तिथे. ‘सीमाशुल्काने रोखलं’ असं दिसलं तर घेणाऱ्याने स्वतः फोन करायचा. इकडून पुण्याच्या खिडकीवर जाऊन काहीच होत नाही.

पार्सलाच्या कागदांत एक शेवटची चौकट असते: पार्सल पोचवता आलं नाही तर काय करायचं. परत पाठवा, की सोडून द्या. फक्त फराळ असेल तर ‘सोडून द्या’ वर खूण करावी, कारण परत येण्याचा खर्च मागितला जाऊ शकतो आणि दोन महिन्यांनी परत आलेली चकली कुणी खात नाही. आत साडी, पुस्तक, आजोबांची वही असेल तर ‘परत पाठवा’ वर. फॉर्म भरून झाला की त्याचा आणि पावतीचा फोटो तिथूनच लेकीला पाठवावा, म्हणजे तिकडून फोन आला तर आत काय आहे ते ती ओळीओळीने सांगू शकते.